इंचाला मिलिमीटर

आषाढाची झड त्या दिवशी सकाळी जरा थांबली होती. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. आभाळ ओल्या राखेसारखं खाली आलेलं, आणि चऱ्होलीतल्या नव्या उंच इमारतींचे वरचे मजले त्यात दिसेनासे झालेले. पत्र्याच्या कडेला थेंब लोंबत होते, पण पडायची त्यांना घाई नव्हती. अशा निवांत हवेत मला पहिल्यांदा पाण्यात सोडायचं ठरलं होतं.

मी जहाज आहे. पण माझ्यावर कुणी बसू शकत नाही, आणि समुद्र मी अजून पाहिलेला नाही. अडीच हात लांब, वीतभराहून थोडा जास्त रुंद, सागाच्या लाकडाचा. कोकणात ‘मंजुळा’ नावाचं एक खरं मालवाहू जहाज आहे, त्याची मी लहान प्रतिकृती. ते माझ्या चाळीस पट मोठं. मला घडवलं रंगरावांनी. ते चौथीपर्यंत शिकलेले, आणि मी लाकूड, म्हणजे तेवढाही नाही. त्यांच्या हाताखाली राहून जी भाषा कानावर पडली, तीच माझी. ती सावकाश चालते. रंधा घाईनं मारला की लाकूड उचकटतं, तसं बोलण्याचंही असतं असं ते मानतात.

रंगराव सुतार खरे, पण दारं-खिडक्या करणारे नव्हेत. भोसरीच्या एका फाउंड्रीत पस्तीस वर्षं ते पॅटर्न करत होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तसाच भाग लाकडात करतात. तो ओल्या वाळूत दाबतात, मग अलगद वर काढतात. खाली जी पोकळी उरते तिच्यात लोखंडाचा रस ओततात. तो लाकडी भाग म्हणजे पॅटर्न. पस्तीस वर्षांत रंगरावांचा एकही पॅटर्न चुकीचा म्हणून माघारी आला नाही. त्यांना कुणी पदक दिलं नाही, निरोपाच्या दिवशी एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. पण माघारी न आलेले पॅटर्न हीच त्यांची कमाई होती, आणि ती ते कुणाला सांगत नसत.

वाळूत दाबायचं काम करायचे भिमाजी. ते मूळचे चऱ्होलीचेच, आणि रंगरावांचे शेजारी. दोन घरांमध्ये फक्त कढीपत्त्याचं एक झाड. पॅटर्नच्या बाजू अगदी उभ्या सरळ असल्या तर तो वर ओढताना वाळू खरवडून येते आणि साचा फाटतो. म्हणून बाजूंना वर जाताना किंचित बाहेर कल द्यावा लागतो. त्याला फाउंड्रीत टेपर म्हणतात. रंगरावांचा नेम ठरलेला होता, इंचाला मिलिमीटर, म्हणजे इंचभर उंचीला एक मिलिमीटर कल. तरी भिमाजी रोज ओरडायचे, “रंगा, टेपर कमी हाय! वाळू काय तुझ्या सासऱ्याची हाय व्हय?” पस्तीस वर्षं हे ऐकून रंगरावांच्या हातालाच ते पाठ झालं. डोक्याला विचारायची गरज उरली नाही.

आता माझ्या जन्माचं सांगतो.

‘मंजुळा’चे मालक अर्जुनराव. पूर्वी त्या जहाजात सिमेंटच्या गोण्या तळाशी भरून जायच्या. वजन खाली, त्यामुळे जहाज निर्धास्त. मग अर्जुनरावांना चाकणच्या कारखान्यांचा माल मिळू लागला. मोठमोठ्या लाकडी पेट्या, त्या तळात मावेनात, म्हणून वर डेकवर रचायच्या. तेव्हापासून जहाज वळणावर एका अंगाला कलायचं आणि परत उभं राहायला फार वेळ लावायचं. जहाज भरभर डुललं तर माणसाला मळमळतं, पण भ्यायचं असतं ते सावकाश डुलणाऱ्या जहाजाला. त्यावर तांडेल होता अर्जुनरावांचा सख्खा भाचा, रोहिदास. त्याच्या हाताखाली सहा खलाशी. रोहिदासनं मामाला सांगितलं, “मामा, ती झुकली की विचार करत बसते, उभं राहू की नको.”

पावसाळ्यात जहाज किनाऱ्याला बांधलेलं. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाली की पुन्हा निघायचं. तोवर काय तो निर्णय व्हायला हवा होता. योगिनी नावाची एक मुलगी, जहाजांची इंजिनियर, चिंचवडला छोटं ऑफिस चालवते. तिनं कॉम्प्युटरवर हिशेब केला. जहाजाचे जुने नकाशे अर्धे फाटलेले, वजनं अंदाजाची. आकडे काठावर आले, धड होही नाही, धड नाहीही नाही. आणि अर्जुनराव म्हणाले, “मॅडम, ते पडद्यावरचं राहू द्या. मला पाण्यात दाखवा.”

म्हणून ती रंगरावांकडे आली. चाकणच्या ज्या शेडमध्ये टँकरच्या टाक्या बनवतात, तिथल्या लोकांनी तिला पत्ता दिला होता.

माझं लाकूड एका जुन्या पंपाच्या पॅटर्नचं. मोडीत निघालेला तो पॅटर्न रंगरावांनी माळ्यावर जपून ठेवला होता. नाक आणि शेपटीकडचे बाक योगिनीनं कागदावर काढून दिले होते. ते लावून लावून रंगरावांनी तासले. मधला भाग पेटीसारखा सरळ, त्याला कागद कशाला? तो त्यांनी हातानं केला. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न करणाऱ्यांची मोजपट्टी जरा लांब असते. ती त्यांनी आठवणीनं खुंटीला टांगली आणि साधी पट्टी घेतली. “इथं कायबी आकसनार न्हाई,” असं स्वतःशीच म्हणाले. या शहाणपणाचा त्यांना बराच आनंद झाला होता.

भिमाजी कढीपत्त्याखालून येऊन बघायचे.

“ही डोण कुनाच्या म्हशीला पाणी पाजाया?”

“डोण न्हाई, जहाज हाय.”

“जहाज! आरं, इंद्रायनीत गुडघाभर पाणी, आन् ह्यो जहाज बांधतोय.”

आणि त्या दिवसापासून त्यांनी मला डोणच म्हटलं. “डोण वाळली का?” “डोणीला रंग कंचा देनार?” मला राग नाही आला. त्यांच्या बोटांना अजून वाळूचा वास होता, आणि ते मला उचलायचे तेव्हा दोन्ही हातांनी उचलायचे.

तर त्या निवांत सकाळी मला चाकणच्या शेडमध्ये नेलं. अर्जुनरावही कोकणातून बघायला आले होते. तिथे एक मोठी पाण्याची टाकी आहे. नव्या टाक्या तिच्यात बुडवून कुठे बुडबुडे येतात ते बघतात. तिच्यात मला सोडलं. पाणी असं असतं तर! आजवर मला कुणीतरी धरलेलं तरी असे, नाहीतर कशावर तरी ठेवलेलं. पहिल्यांदाच खाली काही नव्हतं आणि तरी मी पडलो नाही.

योगिनीनं माझ्या पोटात आणि पाठीवर मोजून वजनं ठेवली, डेकवरच्या पेट्यांच्या जागी पेट्या. मग एक छोटं वजन मधून उचलून कडेला सरकवलं. मी किती कलतो ते बघायला आत ओळंबा टांगला होता, तोही रंगरावांचाच. मी थोडासा कललो आणि तिथे टिकलो. वजन परत मधे आणताच उभा राहिलो.

योगिनीनं पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. तिचा चेहरा उजळला. “मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं आहे. मीच वजनं जास्त धरली असणार. अर्जुनराव, जहाज आहे तसं चालेल.”

अर्जुनरावांनी रंगरावांचे दोन्ही हात हातात घेतले. “बाबा, रोहिदासच्या आईला आता सुखानं झोप लागेल.” माझ्याकडे बोट करून म्हणाले, “हे मला ऑफिसात ठेवायला द्या. नीट पेटी करा, पुढच्या खेपेला नेतो.” आणि ते कोकणात निघून गेले.

चार दिवसांनी रंगरावांनी माझ्यासाठी पेटी केली. पाइनच्या फळ्यांची, आत हिरवं फ्लॅनेल. पेटी अगदी काटकोनात. मला उचलून आत ठेवायला गेले, तर तळ आरामात आत गेला, पण वरचा भाग येईतो मी दोन्ही बाजूंनी अडकलो. त्यांनी बाहेर काढून पुन्हा घातलं. पुन्हा अडकलो.

 रंगरावांनी खुंटीवरचा गुण्या काढला. काटकोन तपासायची ती लोखंडी पट्टी त्यांनी माझ्या बगलेला लावली. तळापाशी उजेडाची एक फट होती. वर जाता जाता ती मिटत गेली. इंचाला मिलिमीटर.

त्यांच्या हातानं मला टेपर दिला होता. लोखंडी जहाजाला वाळूतून वर काढायचं नसतं. त्याच्या बाजू सरळ असतात. मी मात्र वर जाताना दोन्ही बाजूंनी पसरत गेलो होतो, ताटासारखा. योगिनीनं मला मोजलं तेव्हा मी टेबलावर पालथा होतो, आणि तिनं तळच मोजला. तळ बरोबर होता.

ते ओट्यावर बसले. मी त्यांच्या मांडीवर. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. एवढ्यात भिमाजी डोक्यावर पोतं घेऊन आले.

“काय रं, डोण गळाया लागली का काय?”

“भिमा, म्या हिला टेपर दिलाय.”

भिमाजी आधी खदाखदा हसले. “शाब्बास! पस्तीस वरसं वरडलो तवा कमी दिलास, आन् आता नको तितं दिलास व्हय?”

रंगराव हसले नाहीत. तेव्हा भिमाजी शेजारी टेकले.

“त्यानं काय व्हतंय?”

“पाण्यापाशी रुंद झालीया ही. एसटीत उभा ऱ्हानारा गडी पाय फाकून उभा ऱ्हातो, का? तोल जाऊ नये म्हनून. ही पाय फाकून हुबी ऱ्हायली. खरं जहाज पाय जुळवून हुबं हाय. आन् त्या पोरीनं हिच्याकडं बगून सांगितलं, जावा खुशाल.”

“कुनाला ठाव हाय ह्ये?”

“तुला आन् मला.”

भिमाजींनी डोक्यावरचं पोतं काढून पिळलं. मग म्हणाले, “तुजा एकबी पॅटर्न कदी माघारी आला न्हाई, रंगा.”

“व्हय.” रंगरावांनी माझ्यावरून हात फिरवला. “ह्यो पयला. आन् म्याच माघारी नेनार.”

त्यांनी मला जुन्या चादरीत गुंडाळलं, पिशवीत रंधा घातला आणि आळंदीवरून चाकणची बस धरली. बसमध्ये मी त्यांच्या मांडीवर होतो. दर थांब्याला ते चादर सारून माझ्या बगलेवरून अंगठा फिरवून बघत. 

योगिनी शेडमध्येच होती. रंगरावांनी माझ्या बगलेला गुण्या लावून तिच्यापुढे धरलं. ती वाकली, उजेडाची फट पाहिली आणि तिचा रंगच उडाला.

“काका, हे किती आहे?”

“इंचाला मिलिमीटर. दोनी अंगानं. चूक माजी हाय, पोरी.”

ती लॅपटॉप उघडून बसली. तिची बोटं भराभर चालत होती. मग थांबली. “रुंदी जराशी वाढली तरी जहाजाचा तोल खूप सुधारतो, काका. एवढ्याशानं खरं जहाज पाण्यापाशी सतरा सेंटिमीटर जास्त रुंद असल्यासारखं झालं. त्याच सतरा सेंटिमीटरवर मी हो म्हणाले.” तिनं डोळे मिटले. “मीपण वरून मोजायला हवं होतं.”

“ते मागनं बगू. आधी रंधा कुटं मारू, ते सांग.”

मला तिथेच शिकंज्यात धरलं. रंगरावांनी दोन्ही बगला सरळ केल्या. पातळ, गुंडाळलेल्या कपच्या खाली पडत होत्या. दुखलं का, असं कुणी विचारलं तर नाही. खोटं अंगावरून उतरत असेल तर ते असंच लागत असावं.

मग पुन्हा टाकी. पुन्हा तीच वजनं, तोच ओळंबा. छोटं वजन कडेला सरकवलं आणि मी कललो, कलतच गेलो. अंगातलं बळ कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. वजन परत मधे आणलं तरी मी लगेच उठलो नाही. झुकलेला तसाच विचार करत राहिलो, उभं राहू की नको. रोहिदासनं सांगितलं होतं ते हेच. ‘मंजुळा’ माझी मोठी बहीण म्हणायची. त्या दिवशी तिची भीती मला अंगात कळली.

योगिनीनं अर्जुनरावांना फोन लावला. स्पीकरवर त्यांचा आवाज शेडभर घुमला.

“अहो मॅडम, त्या दिवशी हो, आज नाही! मी काय तुमच्या होडीचं वल्हं आहे? पुढच्या महिन्यातला माल घेतलाय मी अंगावर!”

ती समजावू लागली, पण ते ऐकेनात. तेव्हा रंगरावांनी हात पुढे केला.

“मालक, मी सुतार बोलतोय. मॅडमची चूक न्हाई. म्या लाकूड वाकडं केलं. जहाज आमच्या हितं नीट ऱ्हायलं ते माज्या चुकीमुळं. तुमी या आन् सोताच्या हातानं ढकलून बगा. पन भाच्याला तसंच सोडू नका.”

फोनमधून कोकणातल्या पावसाचा आवाज येत होता.

“उद्या येतो,” अर्जुनराव म्हणाले.

ते येईपर्यंत योगिनी आणि रंगराव स्वस्थ बसले नाहीत. माझ्या दोन्ही बाजूंना, पाणी जिथे लागतं त्या रेषेवर, लांब पोकळ पेट्या काढता-घालता येतील अशा स्क्रूनं बसवल्या. त्यांना इंग्रजीत एक नाव आहे. ते रंगरावांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते त्यांना बगला म्हणत. आणि माझ्या पोटाच्या दोन्ही कडांना, पाण्याखाली, लांबट फळ्या लावल्या. बगलांमुळे मी रुंद झालो, पण आता उघड रुंद, चोरून नव्हे. मी कलायला लागलो की कलत्या बाजूची बगल जास्त बुडते आणि पाणी मला वर ढकलतं. खालच्या फळ्यांचं काम निराळं. त्या मला उभं करत नाहीत, माझं डुलणं मोडतात. तळहात आडवा धरून पाण्यात हलवून पाहा, किती अडतो. तसं.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव आले ते गुरगुरतच. बगला काढून मला आधी पाण्यात सोडलं. “ढकला,” रंगराव म्हणाले. अर्जुनरावांनी बोटानं माझी कड दाबली आणि सोडली. मी झुकलो. आणि तसाच राहिलो. ते बघत राहिले. त्यांच्या कपाळावरची शीर मला खालून दिसत होती.

मग बगला लावल्या. पुन्हा त्यांनी दाबलं, या वेळी जोरात. मी उसळून उभा राहिलो, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि गप्प. टाकीतलं पाणी तेवढं हलत राहिलं.

“दिसायला बेढब झाली,” अर्जुनराव शेवटी म्हणाले.

“व्हय,” रंगराव म्हणाले.

“वेग मरेल थोडा.”

“थोडा मरेल,” योगिनी म्हणाली. “आणि पेट्याही वर तीन थर नाहीत, दोनच. ते मी लिहून देणार आहे.”

अर्जुनरावांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “कालपर्यंत मला वाटत होतं, हा म्हातारा गप्प बसला असता तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “कापा पत्रे.”

‘मंजुळा’च्या लोखंडी बगला त्याच शेडमध्ये झाल्या, तुकड्या-तुकड्यांत. टँकर करणाऱ्या वेल्डरांनी जन्मात पहिल्यांदा जहाजाला हात लावला, आणि दोघा-तिघांनी त्या पत्र्यांसोबत फोटो काढून गावी पाठवले. ट्रेलरवर चढून त्या घाट उतरून गेल्या. नारळी पौर्णिमा मात्र हुकली. ‘मंजुळा’ निघाली ती भाद्रपद सरता सरता.

काल संध्याकाळी रोहिदासचा फोन आला होता. कार्तिक लागलाय. त्याची सहावी फेरी पुरी झाली. एकदा वाटेत मोठ्या लाटा आडव्या आल्या होत्या म्हणाला. “बाबा, आता ती विचार करत बसत नाही. झुकली की लगेच उभी. जरा झटका देते, नवा खलाशी ओकला. पण उभी राहते.” रंगरावांनी फोन कानाला धरून नुसतं “बरं, बरं” म्हटलं. आणि फोन ठेवल्यावरही दोनदा म्हटलं.

अर्जुनराव मला न्यायला येणार होते, ते आता नको म्हणतात. “ते तुमच्यापाशीच शोभतं,” म्हणाले. बगलांमुळे मी त्या हिरव्या पेटीत काही मावत नाही. पेटीत आता रंगरावांची पटाशी आणि कानस असते. मी ओट्यावरच्या फळीवर असतो. येणारी-जाणारी माणसं विचारतात, एवढं सुबक जहाज आणि कडेला ही ठिगळं कशाला? रंगराव मग गुण्या काढून सगळं पहिल्यापासून सांगतात, आपली चूक जराही न वगळता. ऐकणारा कंटाळतो. ते कंटाळत नाहीत.

मला विचाराल तर मी सुखात आहे. समुद्र पाहिला नाही, त्याचं काही नाही. माझ्यामुळे सात माणसं तो रोज बघतात आणि घरी येतात. एक मागणं मात्र आहे. तुमच्या हाताला जे इतकं पाठ झालंय की डोक्याला विचारावं लागत नाही, त्याला अधूनमधून गुण्या लावून बघत जा. आणि फट दिसली तर बस धरा.

आत्ता दिवस मावळलाय. हवेत गारवा आलाय, इंद्रायणीकडून धुकं वर सरकतंय. रंगराव खुर्चीत बसून डुलकी घेतायत. कढीपत्त्याखालून भिमाजी चहाचे दोन कप घेऊन येताना दिसतायत. सवयीनं माझ्याकडे बघून डोणीवरून काहीतरी म्हणणार, म्हणून मी वाट बघतोय. ते आले, कप ओट्यावर ठेवले, माझ्या पाठीवरून हात फिरवला. हात ओला झाला तसा तो धोतराला पुसला, आणि रंगरावांच्या खांद्याला हलवून म्हणाले, “रंगा, ऊठ. जहाज आत घे. दव पडाया लागलंय.”